आबांची निकाली तक्रार

पाचव्या दिवशी पण मोनानं बादली ओतली आणि पाणी खाली जायच्या ऐवजी वर आलं. संडासाच्या भांड्यात काठापर्यंत चढलं, तिथं थांबलं आणि तिच्याकडं बघत बसलं. मोना पण त्याच्याकडं बघत बसली. शेवटी तीच हरली. दार ओढून घेतलं, हातपाय धुतले आणि परत पुरणाला लागली.

कारण उद्या रविवारी धाकट्या जावेचं, मैथिलीचं डोहाळजेवण होतं. शिरोळहून तिच्या माहेरची पंचवीस माणसं अकराच्या ठोक्याला येणार होती. पंचवीस माणसं, पुरणपोळी, कटाची आमटी, पोटभर ताक आणि घरात संडास एक. तो एक असा.

पाच दिवस अख्खं घर समोरच्या बाळाबाईंच्या दारात जात होतं. बाळाबाई नको म्हणत नव्हत्या, पण कोण कितीदा आलं ते त्यांच्या ध्यानात राहायचं. काल त्या मोनाला सहज म्हणाल्या होत्या, तुझा नवरा दोनदा येऊन गेला गं आज, पोट बरं हाय न्हवं त्याचं. मोनाला जमिनीत जावंसं वाटलं. पण जमिनीत जायची पण सोय राहिली नव्हती, दारात सगळं काँक्रीट होतं.

खरं दुखणं तेच काँक्रीट. बारा दिवसांपूर्वी गल्लीचा रस्ता झाला. वीस वर्षांत पहिल्यांदा चांगला झाला, सरळ, गुळगुळीत, टणक. फक्त तो उंबऱ्यापेक्षा वीतभर वर आला आणि घराच्या ड्रेनेजचं चेंबर झाकणासकट त्याच्या पोटात गेलं. आणि हा रस्ता करणाऱ्या ठेकेदाराकडं सुपरवायझर कोण, तर मोनाचा धाकटा दीर दत्तप्रसाद. मैथिलीचाच नवरा.

मंगळवारी पाणी तुंबलं तसं मोनानं पालिकेच्या फोनवर तक्रार टाकली. घरफाळा सासऱ्यांच्या नावावर, म्हणून तक्रार पण त्यांच्याच नावानं गेली, अंबादास इंगवले, म्हणजे आबा. बुधवारी मैला ओढायची गाडी आली. गाडीवाल्यानं पाइप सोडला, मग चेंबर कुठाय विचारलं. मोनानं रस्त्याकडं बोट केलं. त्यानं रस्ता बघितला, पाइप गुंडाळला, घरासमोर गाडी उभी करून गाडीचा फोटो काढला आणि निघून गेला. फोटो छान आला होता. त्यात आबा पण होते, खुर्चीत बसलेले.

शुक्रवारी मोना स्वतः वॉर्ड ऑफिसात गेली. ड्रेनेजचा माणूस म्हणाला, रस्ता आमचा न्हाय, रस्तेवाल्यांकडं जावा. रस्तेवाला म्हणाला, चेंबर आमचं न्हाय, आणि रस्ता नवीन हाय, तीन वर्षं ठेकेदाराच्या हमीत हाय, त्याला कोण हात लावंल त्याच्यावर केस. मग चेंबर उचलून वर का घेतलं नाही, असं तिनं विचारलं. त्यानं कागद उलटून बघितले. चेंबर उचलायचं कामच वर्कऑर्डरमध्ये धरलेलं नव्हतं, रस्ता करायचं होतं, रस्ता केला. आणि तसंही, तो म्हणाला, तुमची तक्रार काल निकाली निघाली. त्यानं कागद फिरवून दाखवला. खाली सही होती. गोल गोल, पहिलं अक्षर मोठं, शेवटी गदेसारखा फराटा. आबांची सही तिनं लग्नाच्या याद्यांपासून वीस वर्षं बघितलेली. तिला घरी येईस्तोवर घोटभर पाणी पण प्यावंसं वाटलं नाही. प्यायचं म्हटलं तरी पुढचा विचार होताच.

शुक्रवारी ती काही बोलली नाही, कारण आबा तालमीच्या कट्ट्यावर होते आणि दत्तप्रसाद घरी उशिरा आला. शनिवारी दुपारी जेवणं झाली तसं तिनं तोंड उघडलं.

"आबा, तुम्ही कसल्या कागदावर सही केलीसा?"

आबा सुपारी कातरत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, पण मान अजून बैलासारखी. तोंड भरून हसले.

"केली की. तक्रार निकाली झाली माझी."

"वाचलासा का कागद?"

"दत्तानं वाचून दाखवला. निकाली म्हणाला. निकाली म्हंजे निकाली, आणि काय वाचायचं त्यात?"

मोनाच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला आणि तिला रडावं का हसावं कळेना. घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट होती ती. एकोणपन्नास वर्षांपूर्वी आबांची सांगलीच्या एका पैलवानाबरोबर पाऊण तास कुस्ती चालली आणि पंचांनी ती बरोबरीत सोडवली. आबा पुढं दोन लेकरांचे बाप झाले, बायको गेली, पुरात घरात कंबरभर पाणी आलं, सगळं सोसलं. ती बरोबरी तेवढी सोसली नाही. आजही कट्ट्यावर कुणी विषय काढला की म्हणायचे, आणि दोन मिनिटं दिली असती तर निकाली झाली असती. अशा माणसापुढं त्याच्या पोरानं कागद धरला आणि म्हणाला, आबा, निकाली झाली. त्यांनी नुसती सही केली नव्हती. गुरुवारी संध्याकाळी अख्ख्या तालमीला चहा पाजला होता.

मोनानं पदरानं हात पुसले आणि त्यांच्यासमोर बसली. तिनं त्यांना हळूहळू सांगितलं, पालिकेत निकाली म्हणजे फाईल बंद. काम झालं तरी बंद, न झालं तरी बंद. सही म्हणजे मला काही तक्रार नाही.

आबांचा अडकित्ता थांबला. "म्हंजे बरोबरीत बी न्हाय?"

"न्हाय आबा. तुम्ही लंगोट लावायच्या आधीच पंचानं तुम्हाला घरला धाडलंय."

आबा सुपारीचं खांड तळहातावर घेऊन बघत राहिले. मोनाला वाटलं, हे नको होतं बोलायला. पण बोलून झालं होतं.

तेवढ्यात दत्तप्रसाद आला. काखेत झेंडूच्या माळा, हातात उद्याच्या झोपाळ्याची दोरी, तोंडावर गाणं. मोनाचं तोंड बघितलं आणि गाणं गेलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं आणि तो ते सरळ सांगत पण होता. सोमवारी पालिकेचा साहेब रस्ता बघायला येणार. गल्लीतली एखादी तक्रार उभी राहिली तर साहेब सही करणार नाही, ठेकेदाराचं काम अडणार आणि ते खापर त्याच्या डोक्यावर. मंगळवारी तो स्वतः माणसं लावून चेंबर उघडणार होता. रस्ता ओतला त्या दिवशी तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होता, काँक्रीटची गाडी अंधार पडताना आली, माणसांनी घाईत ओतलं. "चार दिवसांचा प्रश्न हुता वयनी. मी काय मुद्दाम केलं का?"

"डोहाळजेवण मंगळवारी हाय व्हय?"

त्यानं काखेतल्या माळा खाली ठेवल्या. बोलला कोण, तर मोनाचा नवरा. विजयसिंह हायस्कुलात क्लार्क. दिवाळीत घराच्या वाटणीवरनं दोघा भावांचं बोलणं तुटलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांना जे सांगायचं ते आबांना सांगायचे आणि आबा पुढं पोचवायचे. आज चार महिन्यांनी विजयसिंह थेट भावाकडं बघून म्हणाला, दत्ताचं बरोबर हाय. नोकरी काय झाडाला लागत न्हाय. पावण्यांना बाळाबाईंकडं पाठवू, त्यात काय एवढं.

मोनानं नवऱ्याकडं बघितलं. भावाभावांची दिलजमाई व्हावी म्हणून तिनं अंबाबाईला नवस बोललेला. देवीनं ऐकलं, पण वेळ कुठली निवडली ते बघा. घरात दोन क्लार्क झाले, एक हायस्कुलाचा आणि एक रस्त्याचा.

मग मैथिली बोलली. सातवा महिना, भिंतीला टेकून बसलेली, हातात उद्याच्या वाट्या. डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, पोटुशीनं एक उघडायची, म्हणून ती त्या पुसत होती. लग्न झाल्यापासून ह्या पोरीनं नवऱ्याविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. दिवाळीत मोनाशी भांडली ती पण नवऱ्यासाठीच.

"अहो, उद्या माझी आई आली की तुम्हीच सांगा तिला. म्हणावं, तुमची लेक पाच दिवस बादली घेऊन रस्ता ओलांडून शेजारणीच्या घरी जाती, आणि सगळं ठीक हाय अशी माझ्या बापाची सही मी घेतलीया. तुमच्या तोंडानं सांगा. मी ओटी घेऊन तिच्या गाडीत बसणार. बाळ घेऊन परत यायचं का न्हाय, ते तुमचं चेंबर उघडल्यावर कळवा."

आवाज चढवला नव्हता. वाट्या एकात एक घातल्या, मोनाला म्हणाली, "अक्का, पुरण खाली लागंल," आणि दोघी आत गेल्या. चुलीपाशी मोनाच्या ध्यानात आलं, दिवाळीनंतर ही तिला पहिल्यांदा अक्का म्हणाली होती.

रविवारी सकाळी साडेसातला कामिलभाई आला. प्लंबर माणूस, ह्या घराचा प्रत्येक नळ त्याच्या बापानं बसवलेला. खांद्यावर घण, पिशवीत छिन्न्या. मोनानं काल संध्याकाळीच जाऊन सांगितलं होतं, केस होऊ दे न्हायतर काय होऊ दे, रस्ता फोडायचा. तो म्हणाला, "फोडतो की वयनी. पण कुठं?"

आणि तिथं सगळं अडलं. चेंबर कुठं होतं, हे कुणालाच नक्की सांगता येईना. वीस वर्षं त्याच्यावरनं येणं जाणं, पण कोण कशाला बघून ठेवतंय. विजयसिंह म्हणाला, लाइटच्या खांबाच्या सरळ रेषेत. पण खांब पण रस्त्याच्या वेळी चार हात सरकवला होता आणि किती सरकवला त्याच्यावर त्याचं आणि कामिलभाईचं वाजलं. बाळाबाई आपल्या पायरीवरनं म्हणाल्या, मध्यभागी होतं, झाकण वाजायचं, माझी झोप मोडायची. मध्यभाग म्हणजे कुठला, जुन्या रस्त्याचा का नव्या? त्यांनी हात हलवला. पालिकेत नकाशा असेल, विजयसिंह म्हणाला. ऑफिस सोमवारी उघडणार.

"पेढा का बर्फी ते तरी कळंल," बाळाबाई म्हणाल्या, "वाट्या दोनच असत्यात. हितं अख्खी गल्ली झाकल्यालीया."

मोनाचा फोन वाजला. मैथिलीची आई. लवकरच निघालोय म्हणाली, जयसिंगपूर ओलांडलं, सगळी आलीत, मैथिलीचा आजा पण. त्यांना तेवढं साखरेचं हाय, सारखं जावं लागतं, बाकी काय न्हाय.

मोनानं फोन ठेवला. बाकी काय न्हाय म्हणे. तिला वाटलं, घण आपणच घ्यावा आणि घालावा कुठं पण.

तेव्हा आबा बाहेर आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ती लाकडी खुर्ची, पायानं पायरी चाचपत. उंबऱ्यावरनं खाली उतरायची सवय, आता वर चढायला लागत होतं, विजयसिंह धरायला गेला तर त्यांनी कोपरानं बाजूला सारलं. रस्त्यावर खुर्ची ठेवली, बसले, डोळे मिटले. मग उठले, खुर्ची हातभर डावीकडं घेतली, परत बसले. मान थोडी वळवली.

मोनाला वाटलं, काल बोललेलं ह्यांच्या डोक्यात गेलं.

"काय करताय आबा?" विजयसिंहनं विचारलं.

आबांनी डोळे उघडले नाहीत. सांगितलं ते असं. थंडीत चाळीस वर्षं ते रोज सकाळी अंगाला तेल लावून त्या झाकणावर बसत होते, लोखंड लवकर तापतं म्हणून. ह्या दिवसांत, ह्या टायमाला, बाळाबाईंच्या गच्चीच्या कोपऱ्यावरनं ऊन यायचं ते बरोबर डाव्या कानावर. नाकावर आलं म्हणजे चुकलं. खुर्ची आणखी एकदा सरकली. गल्लीतली चार दारं उघडली, चहाचे कप घेऊन माणसं बाहेर आली. आबांनी पाय लांब केले, टाच जमिनीला घासली, कानाला हात लावून ऊन चाचपलं आणि म्हणाले, "हितं."

ते उठले, खुर्ची बाजूला घेतली. कामिलभाईनं पाच घाव घातले. घण टणकन वर यायचा आणि रस्त्यावर नखाएवढा पांढरा डाग उठायचा. सहाव्या घावाला छिन्नीचं टोक मोडलं. कामिलभाईनं कपाळ पुसलं. "वयनी, रस्ता लई भारी झालाय. घणानं संध्याकाळ हुईल. लाइटवरचा ब्रेकर पायजे."

ब्रेकर गल्लीच्या तोंडाशी होता. ठेकेदाराच्या टेम्पोत, आणि टेम्पोला टेकून दत्तप्रसाद उभा होता. पहाटे उठून बाहेर पडलेला, कधीपासून तिथं होता कुणाला ठाऊक. सगळ्यांनी तिकडं बघितलं. तो सावकाश चालत आला. उद्याच्या तपासणीचा रस्ता, स्वतःच्या देखरेखीखाली केलेला, बारा दिवस बारदानं टाकून स्वतः पाणी मारलेला. पांढऱ्या डागापाशी येऊन थांबला आणि बुटानं डाग पुसायला बघितला.

मोनाच्या तोंडात बरंच आलं होतं. पण आबांनी हात वर केला.

"दत्ता, मी सही कशावर केली?"

"आबा, माझं चुकलं."

"चुकलं ते ऱ्हाऊ दे. निकाली कशाला म्हणत्यात, सांग. तालमीत तीन वर्षं पाठवलंय तुला."

दत्तप्रसाद खाली बघून म्हणाला, "पाठ लागली की."

"कुणाची लागली?"

दत्तप्रसादचा बूट परत डागावर फिरला.

"मी अख्ख्या कट्ट्याला चहा पाजला रं," आबा म्हणाले. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मोनाला वाटलं.

मैथिली दारात आली होती. हिरवी साडी, केसांत अजून फुलं नाहीत, हातात बादली. बाळाबाईंकडं निघाली होती. नवऱ्याकडं बघितलं पण नाही. पोटावर हात धरून नवीन रस्त्याची वीतभर पायरी चढायला एक पाय उचलला. दत्तप्रसाद पुढं झाला, हात धरून तिला वर घेतलं आणि तिच्या हातातली बादली काढून मोनाकडं दिली.

मग खिशातनं फोन काढून ठेकेदाराला लावला. सगळ्यांच्या देखत, आवाज न चोरता बोलला. "मालक, दत्तप्रसाद. आमच्या दारात रस्ता फोडतोय. न्हाय, दुसरं कोण न्हाय, मीच. चेंबर गाडलंय खाली. व्हय, उद्या साहेब येणार हाईत, ठाऊक हाय मला." पलीकडनं बराच वेळ आवाज येत राहिला. त्यानं फोन कानापासनं जरा लांब धरला, मग म्हणाला, "ते तुमच्या मनावर," आणि बंद केला.

विजयसिंह टेम्पोकडं निघाला होता, कुणी न सांगता. दोघा भावांनी मिळून ब्रेकर आणला. मोनाच्या घरातनं वायर ओढली. ब्रेकर सुरू झाला तसा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या थरथरल्या आणि बाळाबाईंनी कान झाकले, पण पायरी सोडली नाही. हातकणंगल्याहून फोन आला तेव्हा काँक्रीट निम्मं निघालं होतं. शिरोली नाक्याहून आला तेव्हा झाकण दिसलं. आबांच्या टाचेच्या खुणेपासनं चार बोटं पलीकडं, जास्त नाही.

झाकण उघडलं तर आत सिमेंटची पोती, बारदानं आणि दगड झालेली खडी. रस्ता ओतताना जे उरलं ते माणसांनी तिथंच ढकललं होतं. दत्तप्रसादनं डोहाळजेवणासाठी घेतलेला नवीन शर्ट काढायचा विचार केला असेल, पण काढला नाही. पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. विजयसिंहनं त्याचे पाय धरले.

शिरोळची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथंच थांबली, कारण गल्लीत आता रस्ता नव्हता. मैथिलीची आई नारळ, फळांच्या पाट्या, पाच जणी घेऊन खाली उतरली. आजोबा सगळ्यांच्या पुढं, घाईत. त्यांनी बघितलं तर जावई रस्त्यावर पालथा, थोरला भाऊ त्याचे पाय धरून बसलेला आणि व्याही खुर्चीत बसून दोघांकडं बघताहेत.

"काय हरवलंय व्हय हो पावणं?" आजोबांनी विचारलं.

"घावलंय," आबा म्हणाले. "जरा दम धरा."

"दम न्हाय मला," आजोबा म्हणाले, आणि ते खरं होतं.

शेवटचं पोतं निघालं. दत्तप्रसाद गुडघ्यावर बसला, हात कोपरापर्यंत काळा. मोनाकडं बघून मान हलवली. मोना बादली घेऊन आत धावली. तिच्यामागं घर शांत झालं, गल्ली शांत झाली, बाळाबाईंनी कानावरचे हात काढले. तिनं बादली ओतली. पाणी वर आलं, काठापाशी थांबलं, तिच्याकडं बघितलं. मग खाली कुठंतरी घशातनं यावा तसा आवाज आला, एक मोठा घोट, आणि सगळं पाणी एका दमात खाली गेलं. बाहेर चेंबरमध्ये ते धबधबा पडलं, अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

मोना दारात आली तेव्हा शिरोळचे आजोबा तिला ओलांडून आत गेले होते. मैथिली नवऱ्याच्या शर्टाकडं बघत होती, तोंड घट्ट मिटून, पण हसू डोळ्यांत आलं होतं.

आबांनी काठी जमिनीवर आपटली.

"लागली पाठ," ते म्हणाले आणि दत्तप्रसादपुढं हात केला. "आण आता तो कागद. सही करतो."